विश्लेषण : शंभर शिपायांहून एक वैद्य मोलाचा का? ‘माउंट अँड ब्लेड’मधील साथीदारांचे गणित

तलवारी, घोडे, वेढे आणि राजकारण असा मसाला असलेल्या ‘माउंट अँड ब्लेड’ या मध्ययुगीन व्हिडीओ गेममध्ये नवखा खेळाडू पहिली चूक बहुधा एकच करतो. हातात पैसे आले की गावोगाव फिरून शिपाई गोळा करतो, फौज मोठी दिसली की खूश होतो आणि पहिल्याच मोठ्या लढाईत जिंकूनही अर्धी फौज गमावून बसतो. मुरलेला खेळाडू आधी सराईत जातो. तिथे कोपऱ्यातल्या बाकावर बसलेला, नशिबाने फिरलेला एखादा वैद्य किंवा वाटाड्या त्याला हवा असतो. या शोधाला खेळात एवढे महत्त्व का?

हा खेळ नेमका काय आहे?

तुर्कस्तानातील अंकारा येथील ‘टेलवर्ल्ड्स एंटरटेन्मेंट’ या कंपनीने तो बनवला. आर्माआन यावुझ आणि त्यांच्या पत्नी इपेक यावुझ यांनी घरगुती स्वरूपात सुरू केलेला हा प्रकल्प 2008 मध्ये पूर्ण खेळ म्हणून बाजारात आला. 2010 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती ‘वॉरबँड’ आली आणि तिने खरी लोकप्रियता मिळवली. ‘बॅनरलॉर्ड’ हा पुढचा भाग 30 मार्च 2020 रोजी अर्धवट स्वरूपात खेळायला मिळाला. जगभर लोक टाळेबंदीत घरात अडकले होते तेव्हा. पूर्ण आवृत्तीसाठी ऑक्टोबर 2022 उजाडले.

कथा घडते ‘कॅलरेडिया’ या काल्पनिक भूमीत. ठरलेले कथानक जवळजवळ नाहीच. खेळाडू एकटा, जुन्या घोड्यावर, चार पैसे खिशात घेऊन सुरुवात करतो. पुढे व्यापारी व्हायचे, भाडोत्री सरदार व्हायचे की गादीवर बसायचे, हे त्याचे त्याने ठरवायचे. मात्र यापैकी काहीही एकट्याने जमत नाही.

साथीदार आणि साधा शिपाई यांत फरक काय?

शिपाई म्हणजे आकडा. तो मेला की आकडा एकने कमी होतो. साथीदाराला नाव असते, गाव असते, पूर्वायुष्य असते. त्याला हवे ते चिलखत चढवता येते, त्याचे कौशल्य वाढवता येते. ‘वॉरबँड’मध्ये तर तो लढाईत मरतच नाही, फक्त बेशुद्ध होतो. फौजेचा धुव्वा उडाला तर साथीदार पांगतात किंवा कैदेत पडतात आणि काही दिवसांनी कुठल्यातरी शहरात पुन्हा सापडतात.

‘वॉरबँड’मध्ये असे 16 जण आहेत आणि त्यांच्या कहाण्या वाचण्यासारख्या आहेत. फिरेंटिसच्या हातून मत्सरापोटी सख्खा भाऊ मारला गेला आहे. यमीरा ही व्यापाऱ्याची मुलगी, नकोसे लग्न टाळून घरातून पळालेली. मार्निड धंद्यात बुडालेला. बुंडुकने वरिष्ठ अधिकाऱ्यावर हात उगारला म्हणून त्याला नोकरी सोडावी लागली. रोल्फ आपण थोर घराण्यातले असल्याचे सांगतो. त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे पहिल्या भेटीतच कळते. मथेल्डसारखी लढवय्यी 500 दिनार मोजल्याशिवाय येत नाही, तर फिरेंटिस, यमीरा, मार्निड आणि वैद्य जेरेमस हे चौघे एक पैही न घेता सोबत येतात. गंमत अशी, की या फुकटच्या चौघांतला जेरेमस अनेकांच्या मते सर्वांत मौल्यवान आहे.

वैद्य इतका महत्त्वाचा का?

‘वॉरबँड’मध्ये काही कौशल्ये वैयक्तिक असतात, काही संपूर्ण तुकडीची. शस्त्रक्रिया, जखमांवरील उपचार, वाट काढणे, माग काढणे, दूरवर नजर ठेवणे, डावपेच, वेढ्याची बांधणी, व्यापार ही तुकडीची कौशल्ये. यात तुकडीतील ज्याचे कौशल्य सर्वाधिक, त्याचाच आकडा सर्वांसाठी धरला जातो. म्हणजे पाच जणांना थोडी थोडी शस्त्रक्रिया शिकवली तर चौघांची मेहनत वाया. एकालाच पारंगत करायचे.

आता हिशेब पाहा. शस्त्रक्रिया कुणालाच येत नसेल तर कोसळलेला शिपाई वाचण्याची शक्यता 25 टक्के असते. कौशल्याच्या प्रत्येक पायरीला ती 4 टक्क्यांनी वाढते. 10 पायऱ्या गाठलेला वैद्य सोबत असेल तर ती 65 टक्के होते. एका मोहिमेत 100 शिपाई कोसळले असे धरले, तर वैद्याविना सरासरी 75 मरतील आणि निष्णात वैद्य असेल तर 35. वाचलेले 40 जण नवखे नसतात. कित्येक लढाया लढून ते घडलेले असतात आणि तसे शिपाई पुन्हा तयार करायला कितीतरी आठवडे जातात. कागदावर बिनलढाऊ दिसणारा एक माणूस हळूहळू अख्खी फौज मुरवतो, तो असा.

अर्थात, यालाही मर्यादा आहे. प्रत्येक कौशल्य एका मूळ गुणाला बांधलेले असते आणि त्या गुणाच्या एकतृतीयांशाच्या वर ते जाऊ शकत नाही. शस्त्रक्रियेची 10वी पायरी गाठायची तर बुद्धिमत्ता 30 हवी. त्यामुळे वैद्य करायचा साथीदार मुळातच हुशार निवडावा लागतो आणि त्याला दांडगा तलवारबहाद्दर करण्याचा मोह सोडावा लागतो. शिवाय तो स्वतःच जबर जखमी असेल, तोवर त्याचे कौशल्य तुकडीच्या कामी येत नाही. जाणकार खेळाडू म्हणूनच जेरेमसला वेगळ्या गटात टाकून लढाईच्या मागच्या टेकडीवर उभा करतात.

एक सवलतही आहे. म्होरक्याला स्वतःला ते कौशल्य दोन पायऱ्यांपुरते येत असले, तरी तुकडीला एका पायरीची भर मिळते. पाच असतील तर दोनची, आठ असतील तर तीनची आणि दहा असतील तर चारची. प्रशिक्षणाचा नियम मात्र उलटा. तिथे प्रत्येकाचे कौशल्य स्वतंत्रपणे मोजले जाते, म्हणून चार प्रशिक्षक असतील तर चौघेही रोज आपल्यापेक्षा खालच्या शिपायांना घडवतात.

मग सगळ्या 16 जणांना घेऊन का टाकू नये?

कारण ते एकमेकांना सहन करत नाहीत. प्रत्येकाचे साधारण एकाशी सूत जुळते आणि दोघांशी बिनसते. फौजेतून वर आलेला बुंडुक आणि कडक शिस्तीचा लेझालिट एका तंबूत नांदत नाहीत. बोर्चाला क्लेथी खपत नाही आणि मथेल्डला तर जेरेमसच. उलट बोर्चा आणि मार्निड यांची मैत्री, फिरेंटिस आणि जेरेमस यांचा जिव्हाळा. लग्नघरात कोणत्या पाहुण्यांना एका पंगतीत बसवायचे नाही, याची यादी जशी घरच्या थोरल्या बाईच्या डोक्यात असते, तशीच यादी इथे म्होरक्याला ठेवावी लागते. हिशेब नीट जमवला तर निम्मे, म्हणजे सुमारे आठ जण गुण्यागोविंदाने नांदतात.

म्होरक्याच्या वागण्यावरही त्यांचे लक्ष असते. गाव लुटले, दिलेले काम अर्धवट टाकले, लढाईतून पळ काढला किंवा माणसे नाहक मारली गेली, की कुणाला ना कुणाला ते खटकते. तो येऊन तोंडावर सांगतो. दुर्लक्ष केले, तर एके दिवशी आपले चिलखत-घोडा घेऊन निघूनही जातो. त्याच्यावर खर्च केलेले हजारो दिनार त्याच्यासोबत जातात.

माणूस शोधायचा कुठे?

साथीदार शहरोशहरीच्या सराईत फिरत असतात, त्यामुळे एखाद्याच्या मागे महिनाभर वणवण होऊ शकते. ‘वॉरबँड’मध्ये सराईतला एखादा प्रवासी 30 दिनार घेऊन अमुक माणूस कुठे आहे ते सांगतो. खर्च क्षुल्लक आहे. नवखे तो वाचवतात आणि वेळ घालवतात.

‘बॅनरलॉर्ड’मध्ये खेळातल्या ज्ञानकोशात नाव शोधले की तो माणूस शेवटचा कुठे दिसला हे कळते. तिथे उपनावच पुष्कळ काही सांगून जाते. ‘विलोबार्क’ असे उपनाव दिसले तर तो वैद्यकीतला माणूस समजावा, कारण विलो झाडाची साल हे जुने वेदनाशामक. ‘स्पाइसव्हेंडर’ म्हणजे अर्थातच व्यापारात मुरलेला.

नव्या खेळात काय बदलले?

बरेच. वैद्य, टेहळ्या, वेढ्याचा अभियंता आणि रसदीचा कारभारी अशी चार पदे ठरलेली आहेत आणि त्यांवर माणूस नेमावा लागतो. रसदीच्या कारभाऱ्याचे कौशल्य दर चार अंकांनी वाढले की तुकडीत एक शिपाई जास्त मावतो. किती साथीदार ठेवता येतील हे घराण्याच्या प्रतिष्ठेवर ठरते. सुरुवातीला तीन, पुढे प्रत्येक पायरीला एक जास्त. पण ते केवळ फौजेत राहत नाहीत. कुणी व्यापारी तांडा नेतो, कुणी स्वतःची तुकडी घेऊन फिरतो, कुणी जिंकलेल्या शहराचा कारभार पाहतो. शहर ज्या संस्कृतीचे, त्याच संस्कृतीचा कारभारी नेमला तर तिथली प्रजा अधिक निष्ठावान राहते, हे ध्यानात ठेवूनच अनेकजण भरती करतात. लोहारकामाची ताकद प्रत्येकाची वेगळी मोजली जात असल्याने चार साथीदारांना आळीपाळीने भट्टीवर उभे करून पैसा कमावणारेही आहेत.

‘बॅनरलॉर्ड’मध्ये साथीदार रणांगणात मरू शकतो. वर्षानुवर्षे जोपासलेला वैद्य एका भरकटलेल्या बाणाने जातो. ज्यांना हे सोसवत नाही, त्यांना सेटिंगमध्ये जाऊन मृत्यू बंद करण्याची सोय आहे.

जुने खेळाडू नाराज का?

कारण बुंडुक आणि लेझालिट यांची भांडणे गेली. नव्या खेळातील साथीदार साच्यातून घडतात. नाव वेगळे, उपनाव तेच आणि सराईत ऐकवली जाणारी कर्मकहाणी दुसऱ्या खेपेला दुसऱ्याच तोंडून ऐकू येते. नेमणुकीसाठी ही माणसे अधिक सोयीची आहेत, पण लक्षात राहत नाहीत, ही तक्रार रास्त वाटते. कथेच्या कालगणनेनुसार ‘बॅनरलॉर्ड’ 1084 मध्ये सुरू होतो, तर ‘वॉरबँड’ 1257 मध्ये. तेव्हा जेरेमसचा जन्म व्हायला अजून शतकभराहून अधिक काळ बाकी आहे. त्याला भेटायचे, तर जुना खेळच पुन्हा सुरू करावा लागतो आणि कितीतरी जण तो करतातही.