चढावरचा पिकअप

विक्रमगडहून जव्हारला किंवा मोखाड्याहून तोरंगण घाटाने त्र्यंबकला घरची सेडान नेणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: गाडी चढाला ओढत नाही, पिकअपच नाही. त्यावर शहरातल्या ट्यूनिंगवाल्यांचा तोडगाही ठरलेला असतो, तो म्हणजे रिमॅप. ईसीयूमधले, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले, इंधनाचे आणि ठिणगीच्या वेळेचे तक्ते बदलायचे, की गाडी धावलीच म्हणून समजा. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीच्या बाबतीत तरी हा पैसा वाया जातो, असं माझं मत आहे. साधं उदाहरण घेऊ. २०१७ची पेट्रोल डिझायर ८३ हॉर्सपॉवर देते, पण ६००० आरपीएमला. तिचा ११३ न्यूटन मीटर टॉर्क येतो ४२०० आरपीएमला. पाच माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १३०० किलो समजा आणि चढ दर बारा मीटरला एक मीटर. ताशी ३६ किलोमीटरने तो चढायला जेमतेम १८-२० हॉर्सपॉवर लागते. म्हणजे ताकद कागदावर चौपट आहे. मग गाडी दम का टाकते? त्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन साधारण १७०० आरपीएमवर असतं आणि तिथे पाय पूर्ण दाबला तरी गरजेपेक्षा थोडंच जास्त मिळतं. गिअर पाडून दुसरा टाकला की तेच इंजिन २६०० वर जातं. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे, त्यामुळे टॉर्क तेवढाच राहिला तरी दीडपट ताकद चाकापर्यंत पोचते. चांगला रिमॅप अशा इंजिनाला फार तर पाच-सात टक्के देतो. हाताने गिअर पाडायला मात्र कुणी बिल लावत नाही, म्हणून बहुधा त्याची जाहिरातही होत नाही.

आता गेलेल्या ताकदीचा हिशेब. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब पाचेक टक्क्यांनी कमी. टर्बो नसलेलं इंजिन तेवढी ताकद गमावतंच, त्याला इलाज नाही. पण त्याखेरीज जे जातं ते बहुतेक देखभालीअभावी जातं. उन्हाळ्यात कच्च्या पट्ट्यावर पुढच्या जीपमागे उडणारी तांबडी धूळ एअर फिल्टरच्या घड्यांमध्ये बसते. पावसाळ्यात तिच्यावर ओल धरते आणि कागदाच्या घड्या एकमेकींना चिकटतात. फिल्टर उजेडासमोर धरला की पलीकडचं काही दिसत नाही. थ्रॉटल बॉडी उघडली तर आतल्या पितळी रंगाच्या झडपेच्या कडेला काळ्या, चिकट कार्बनची रिंग जमलेली असते. स्प्रे मारून मऊ फडक्याने ती पुसायची. सँडपेपर लावला की आतला लेप खरवडला जातो. पुसून झाल्यावर स्कॅनर लावून आयडलिंग पुन्हा शिकवावं लागतं, नाहीतर सिग्नलला गाडी बंद पडते आणि दोष मेस्त्रीवर येतो. झिजलेल्या प्लगचा गॅप वाढतो आणि नेमकी जास्त लोडला, म्हणजे चढावर, ठिणगी चुकते. यातलं काहीच मिरवण्यासारखं नाही. मिरवायला लोक उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवतात. तो हवा ओढतो ती इंजिनाशेजारची, आणि ती बाहेरच्या हवेपेक्षा वीस अंशांनी तापलेली असली तर सहाएक टक्क्यांनी विरळ असते. आवाज वाढतो एवढंच; शिवाय बऱ्याच फिल्टरांतून बारीक धूळ आत जाते ती वेगळीच.

यावर डिझेलवाले म्हणतील, आमचं काय? त्यांचं म्हणणं खरं आहे. जुन्या डिझायरच्या १.३ लिटर डिझेलसारख्या टर्बो इंजिनाला रिमॅपने टॉर्क खरोखर वाढतो, कधी पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त, आणि घाटात एसटीला मागे टाकायला तो कामी येतो. पण त्या इंजिनाचा मूळ १९० न्यूटन मीटर टॉर्कच २००० आरपीएमला मिळतो. वळणावर गाडी मंदावून काटा १३००-१४०० वर आला की टर्बोत दाबच नसतो. नसलेल्या दाबाला तक्ता काय करणार? तिथेही गिअरच पाडावा लागतो. उलट वाढलेला टॉर्क क्लचप्लेट सोसते, आणि भरल्या गाडीला चढावर हाफ क्लचवर तोलून धरायची आपली सवय तिला आधीच जाळत असते. कायद्याचा मुद्दाही थट्टेवारी नेण्यासारखा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने कंपनीने ठरवलेल्या रचनेत परवानगीविना बदलाला मनाई आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. पकडतो कोण, हा प्रश्न रास्त आहे. पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर बॉनेट उघडतो तेव्हा हा प्रश्न विचारावा लागत नाही.

आणि एवढं करूनही खिशात पैसे उरले, तर ते ब्रेकवर घालावेत. चढलेली गाडी उतरणारही असते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, जुनं झालं की कमी तापमानाला उकळतं आणि ऐन उतारावर पेडल मऊ पडतं. ज्या दुसऱ्या गिअरने चढ काढला त्याच गिअरमध्ये गाडी खाली आणली, तर ब्रेक बऱ्यापैकी थंड राहतात आणि इंजिन पेट्रोलही जवळजवळ घेत नाही.