वर्तुळाचे 86,400 भाग

रायफलवरच्या दुर्बिणीची घुंडी फिरवली की 'कट्' असा बारीक आवाज येतो. अनेक दुर्बिणींत या एका क्लिकने नेम पाव मिनिट कोनाने सरकतो. पूर्ण वर्तुळात 360 अंश, एका अंशात 60 मिनिटं. म्हणजे एक क्लिक हा वर्तुळाचा 86,400वा भाग. दिवसात सेकंदही तेवढेच! शंभर मीटरवर हा फरक सव्वासात मिलिमीटर, किलोमीटरवर सव्वासात सेंटिमीटर. थेट दहा किलोमीटर रेघ ओढली, तरी तिच्या टोकाला जेमतेम पाऊण मीटर.

गोळी मात्र सरळ जात नाही. सेकंदाला आठशेहून अधिक मीटर वेगाने सुटलेली 7.62 मिलिमीटरची गोळी किलोमीटर गाठेपर्यंत नळीच्या रेषेपासून दहा मीटरहून जास्त खाली येते. शंभर मीटरवर झिरो केलेली, म्हणजे तिथे गोळी नेमावरच लागेल अशी बसवलेली दुर्बीण तिथवर न्यायची तर शंभराहून अधिक क्लिक मोजावे लागतात. झिरो करताना आधी तीन ते पाच गोळ्या एकाच नेमाने झाडायच्या, त्यांचा झुबका कुठे बसला ते पाहायचं, आणि मगच घुंडीला हात लावायचा. एकाच गोळीवरून दुरुस्ती करणारा स्वतःच्या हाताची थरथर दुर्बिणीत भरतो.

आपल्या कोल्हापूरच्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे ज्या प्रकारात खेळतो, त्यात दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक भोक, पुढे नळीच्या टोकाशी कडी, आणि 50 मीटरवर दहा गुणांचं 10.4 मिलिमीटरचं वर्तुळ. दोन्ही साइटमध्ये 80 सेंटिमीटर अंतर धरलं, तर पुढची कडी केसाच्या जाडीएवढी, 0.1 मिलिमीटर, हलली की गोळी लक्ष्यावर सहा मिलिमीटर सरकते. तेही बंदुकीचं वजन सांभाळत, गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभ्याने.

1 ऑगस्ट 2024 रोजी, पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत, त्याने 44 गोळ्यांत 451.4 गुण मिळवले आणि कांस्य जिंकलं. वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्रात आलं ते कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनंतर, 1952 नंतर, 72 वर्षांनी! सरासरी काढली की गोळीमागे 10.26 गुण. इथे 0.1 गुण म्हणजे 0.8 मिलिमीटर, तेव्हा त्याची गोळी केंद्रापासून सरासरी पाचएक मिलिमीटरवर बसली. सुवर्ण जिंकणाऱ्या चीनच्या लियू युकुनचे 45 गोळ्यांत 463.6 गुण, सरासरी 10.30. दोघांच्या सरासरीतला फरक लक्ष्यावर मोजला तर साधारण एक तृतीयांश मिलिमीटर भरतो.