प्रमाणबद्ध देखावा व त्याचें पुस्तक

दिवाळीच्या किल्ल्यांत बुरुजाहून उंच मावळा आपण नेहमींच पाहतों. लहानग्यांस तें शोभतें. परंतु ज्यास डायोरामा, म्हणजे प्रमाणबद्ध देखावा, रचावयाचा आहे, त्यानें पुस्तक निवडतांना प्रथम प्रमाणाचें प्रकरण उघडावें. साडेपांच फुटी मनुष्य १:३५ प्रमाणांत दोन इंचांहून किंचित् कमी, तर १:७२ प्रमाणांत एका इंचाहूनहि कमी भरतो. दार, पायरी, झाड हीं सारीं त्याच मापानें यावयास हवींत. हा हिशेब न शिकविणारें पुस्तक, चित्रें कितीहि सुरेख असोत, आम्ही घेणार नाहीं. सामान परदेशी सांगितलेलें असल्यास बिघडत नाहीं; शाडू, भुसा व पुठ्ठा यांवर पुष्कळ भागतें. पालकांनीं पैसे मोजण्यापूर्वीं मुलास दुकानांतच एक प्रकरण वाचूं द्यावें, आणि पहिली कृति त्याच्या तोंडून ऐकावी. ती त्यास सांगतां न आल्यास पुस्तक फळीवरच राहूं द्यावें.