मिठू हवा होता, पण…

मंडळी, अ‍ॅमस्टरडॅमच्या फोंडेलपार्कमध्ये हिरव्या पोपटांचा थवा डोक्यावरून ओरडत गेला, की आपल्यापैकी कोणाला माहेरची आठवण येत नाही? हे आपल्याकडचेच पोपट. पिंजऱ्यातून सुटलेल्या किंवा सोडलेल्या पक्ष्यांची ही पिल्लावळ आता हेग, रॉटरडॅमलाही चांगली रुळली आहे. ते पाहूनच आमच्या धाकटीने धोशा लावला, "आई, घरी मिठू आणू या ना!"

योगायोग असा, की ह्यांच्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीचे एक आजोबा पोपटांची पैदास बंद करत होते. एक आफ्रिकन ग्रे मादी चांगल्या घरी फुकट द्यायची होती. बाजारात या पक्ष्याची किंमत ऐकून असाल, तर आमचे डोळे का चमकले ते कळेल. रविवारी डबा बांधून ब्राबांतला निघालो.

मागच्या शेडमध्ये पिंजऱ्यांची रांग, प्रत्येकाला अंड्यांसाठी लाकडी खोकी. मी सवयीने "मिठू मिठू" म्हणत पुढे झाले. मादी कोपऱ्यात दबली आणि चक्क कुत्र्यासारखी गुरगुरली! घाबरलेला ग्रे असाच गुरगुरतो म्हणे. धाकटीने नाव विचारले. आजोबा म्हणाले, "नाव नाही. सात नंबर." वय एकोणीस. मागच्या वर्षी अंडे अडकून मरता मरता वाचली, म्हणून तिला आता जोडीत ठेवायचे नाही. तिचा नर मात्र दुसऱ्या पैदासवाल्याकडे जायचा होता.

परतीच्या गाडीत कोणी फारसे बोलले नाही.

मग वाचायला घेतले, पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन केला. पैदाशीचा पोपट माणसाच्या हाताला सरावलेला नसतो. त्याचा जीव जोडीदारात. तो खांद्यावर बसेल, बोलेल अशी आशा धरून आणू नये. वर्षभराने हातातला दाणा घेतला तरी खूप. अंड्यांसाठीचे खोके, अंधारा कोपरा काही देऊ नये, नाहीतर ती पुन्हा अंडी घालायला बसेल. दहा-बारा तास अंधार हवा. आता इथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड, म्हणजे जाड पडदे आलेच. शिवाय ग्रेच्या पिसांतून सतत पांढरी पूड झडते आणि आमच्या मोठ्याला दमा. आणण्याआधी पोपटतापाची तपासणी हवी, तो माणसांनाही होतो.

स्वयंपाकघराचे तर ऐकाच. नॉन-स्टिक तवा जास्त तापला की त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. माझा डोशाचा तवा गेला म्हणायचा! बिडाचा काढावा लागेल. अ‍ॅव्होकाडो विषारी. मिरची मात्र खुशाल द्या, पक्ष्यांना ती झोंबत नाही. आपल्या आज्या पोपटाला मिरची देत, ते काही चुकीचे नव्हते. चूक वेगळीच होती. सासूबाईंच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात पिंजरा टांगलेला असे, त्यातला राघू रानातून धरून आणलेला. भारतात आपले देशी पोपट 1972 च्या वन्यजीव कायद्याने पाळता येत नाहीत, हे आजही किती घरांत ठाऊक आहे?

ग्रेलाही कागदपत्रे लागतात. 2017 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे. युरोपात जन्मलेल्या पक्ष्याच्या पायात बंद कडे हवे आणि विकायचा असेल तर प्रमाणपत्रही. फुकट मिळाला तरी तो कुठला, याचा पुरावा जपून ठेवावा लागतो.

पण घरात खरा वाद पेटला तो भारतवारीवरून. दर दोन वर्षांनी आपण पाच-सहा आठवडे जातो. शेजारीण मांजराला खाणे घालते, पण गुरगुरणाऱ्या पोपटाला? हे म्हणाले, आळीपाळीने जाऊ. म्हणजे माझ्या आईला जावई आणि नातवंडे एकत्र दिसायची नाहीत. आणि ग्रे पन्नास वर्षे जगू शकतो. ही एकोणीसची, आम्ही पन्नाशीचे. हिशेब करून धाकटी गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे शेवटी ती माझ्याकडे येणार."

तिनेच पुढे विचारले, "आणि तिचा नवरा?" मी म्हटले, ते आपल्या हातात नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. डॉक्टर म्हणाले होते, खोके दिले नाही आणि अंडी येऊ नयेत याची काळजी घेतली, तर जोडी एकत्र राहू शकते. तिला आमच्यापेक्षा त्याचीच सोबत जास्त.

काल ह्यांनी टेपने दिवाणखाना मोजला. दोघांना पंख पसरता येतील एवढा पिंजरा ठेवायचा तर मोठा सोफा जातो, आणि मोठ्याची खोली वर असली तरी दम्याचे डॉक्टर काय म्हणतात ते बुधवारी कळेल. ते 'हो' म्हणाले, तर रविवारी पुन्हा ब्राबांतला जाऊन आजोबांना विचारणार आहोत, नर विकायचे थांबवाल का? दोघे मिळाले तर आणू, एकटी नाही. सोफा कोणाला हवा असल्यास गणपतीच्या तयारीच्या बैठकीत मला गाठावे.