टाकी भरलेली, तरी नळाला धार नाही

परतूरमध्ये जुन्या घरांत हे हमखास ऐकू येतं. लगेच मोटार बदलू नका, आधी नळाची जाळी काढून बघा. पांढरट खडे सापडले तर लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजत घाला. बऱ्याचदा दुखणं एवढंच असतं.

आपल्याकडे खाली काळा पाषाण, त्यामुळे बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, ते यामुळेच. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते.

पाणी तापलं की क्षार बाहेर पडतात. म्हणून गिझरची लाईन आधी तुंबते. गार नळ जोरात आणि गरम नळ करंगळीएवढा असेल, तर गिझर आणि गरम लाईनच तपासा.

जुन्या जीआय पाईपची गत वेगळी. जस्ताचा थर गेला की आतून गंजाचे फोड येतात, त्यावर क्षार बसतात. पाईपचं आतलं तोंड निम्मं झालं तर तेवढ्याच दाबाला पाणी निम्मं नाही, जेमतेम सहावा हिस्सा येतं! त्यात गच्चीवरची टाकी नळापेक्षा तीन मीटर उंच असेल, तर दाब ०.३ बारच. एवढ्याशा दाबाला जरासा अडथळाही पुरतो.

पाईपमध्ये ॲसिड मात्र ओतू नका. उरलंसुरलं जस्तही जातं, मग गळती सुरू.