हातातला कंदील

'कंदील घे' हे दोनच शब्द. परंतु संगणकाला त्यांचा अर्थ समजावून देताना माझी चांगलीच फजिती झाली.

संगणकावर वाचीत वाचीत खेळावयाच्या कथा असतात. पडद्यावर प्रसंग वर्णिलेला असतो. काय करावयाचे ते आपण लिहावयाचे आणि कथेने त्याप्रमाणे पुढे जावयाचे. अमेरिकेतील विल क्राउथर यांनी १९७५-७६ च्या सुमारास गुहेची अशी एक कथा रचली आणि डॉन वुड्स यांनी १९७७ साली ती वाढविली. सिल्वासा येथे माझ्या विद्यार्थ्यांनी तशीच एक छोटी कथा रचावयास घेतली. खेळाडूने वस्तू घेतली की तिचे नाव त्याच्या यादीत लिहावे, असे मी सांगितले. परिणाम असा झाला, की कंदील हातात आला आणि ओट्यावरही राहिला! मुले हसली, चूक मात्र माझी होती.

वस्तुतः यादी नकोच. प्रत्येक वस्तूपाशी एकच नोंद असावी : ती कोठे आहे? 'घे' म्हणजे त्या नोंदीतील 'ओटा' पुसून 'खेळाडू' लिहिणे. मग एक वस्तू दोन ठिकाणी असूच शकत नाही. ग्रॅहम नेल्सन यांनी १९९३ साली सिद्ध केलेल्या 'इन्फॉर्म' या भाषेत हीच व्यवस्था एखाद्या वंशवृक्षासारखी आहे. कंदील पिशवीत, पिशवी खेळाडूच्या हातात, खेळाडू गुहेत. खेळाडू चालू लागला, की त्याचीच नोंद बदलावयाची. बाकीचे आपोआप बरोबर येते.

तथापि दोन गोष्टींचे भान हवे. पिशवी त्याच पिशवीत ठेवण्याची आज्ञा नाकारली पाहिजे. नाही तर संगणक त्या साखळीचा शेवट शोधीत फिरतच राहील. आणि कंदील बंद पिशवीत असेल, तर गुहेत अंधार पडलाच पाहिजे.

आता ओझ्याविषयी. गुहेच्या त्या कथेत एका वेळी सातच वस्तू नेता येतात. शिवाय तेथील पक्षी काठीला भितो. ती खाली ठेवल्याखेरीज तो पिंजऱ्यात सापडत नाही. पुढे दरी ओलांडण्यासाठी तर तीच काठी लागते. काय जवळ बाळगावे आणि काय सोडावे, या विचारातच खेळाची गोडी आहे. परंतु नुसती संख्येची मर्यादा घातली, तर खेळाडूच्या वाट्याला हमाली येते. म्हणून 'इन्फॉर्म'मध्ये अशी पिशवी ठेवण्याची सोय आहे, की हात भरले म्हणजे जादा वस्तू आपोआप तिच्यात जातात.

आपल्या भाषेचाही विचार हवा. मडके 'ठेव' आणि मडके 'टाक' यांत आपण भेद करतो. कथेनेही तो ओळखावा. आणि नकार द्यावयाचा झाल्यास कारण सांगावे. 'जमत नाही' एवढेच ऐकून मुलगा खेळ सोडून उठतो. 'हात भरले आहेत' असे ऐकले, की तो विचार करू लागतो. वर्गातही माझा हाच अनुभव आहे.