एअर प्युरिफायरचा फिल्टर केव्हा बदलावा? दिल्लीतील वाढत्या खर्चाचा हिशेब

नवी दिल्ली : दिवाळीच्या सुमारास राजधानीचे आकाश धुरकट होऊ लागले की दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम आणि फरिदाबाद येथील घराघरांत एअर प्युरिफायर पुन्हा सुरू होतात. पाठोपाठ फिल्टर बदलण्याची सूचना देणारा लाल दिवाही लागतो. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४९० च्या पुढे गेला होता. ही मोजपट्टी ५०० ला संपते आणि ४०० च्या पुढील हवा ‘गंभीर’ श्रेणीत मोडते. अशा दिवसांत त्या लाल दिव्याकडे दुर्लक्ष करण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही.

यंत्र एकदाच घ्यावे लागते, फिल्टर मात्र पुन्हा पुन्हा. मूळ कंपनीचा फिल्टर यंत्रानुसार साधारणपणे दीड हजारापासून पाच हजार रुपयांपर्यंत पडतो. दोन खोल्यांत दोन यंत्रे असतील तर काही वर्षांत फिल्टरांचा खर्च यंत्रांच्या किमतीला गाठतो. वीज त्या मानाने स्वस्त आहे. ५० वॅटचे यंत्र रोज दहा तास चालले तरी महिन्याला १५ युनिटच लागतात. करांचा भारही आहेच. प्युरिफायरवरील १८ टक्के वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवर आणावा, अशी मागणी करणारी जनहित याचिका डिसेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आली होती.

फिल्टर महाग असण्याचे मोठे कारण त्याच्या आकारात आहे. अमेरिकेत घर तापविणाऱ्या मध्यवर्ती भट्टीच्या हवानलिकेत जो फिल्टर बसतो, त्याची मापे ठरलेली असतात. २० बाय २० इंच किंवा १६ बाय २५ इंच असे माप सांगितले की कोणत्याही कंपनीचा फिल्टर त्या खाचेत बसतो. साहजिकच तेथे स्पर्धा आहे आणि किंमत आटोक्यात आहे. दिल्लीतील घरांत अशी भट्टी नसते. येथे प्रत्येक कंपनीच्या, किंबहुना प्रत्येक मॉडेलच्या फिल्टरचा आकार निराळा. कुठे गोल नळकांडे, कुठे चौकोनी पेटी. ग्राहक एकदा यंत्र घेऊन त्या आकाराला बांधला जातो. म्हणून नवे यंत्र घेतानाच त्याच्या फिल्टरची किंमत विचारणे आणि त्या मापाचे अन्य उत्पादकांचे फिल्टर बाजारात मिळतात का, हे पाहणे ही पहिली बचत ठरते. सवलतीत स्वस्त मिळालेले यंत्र फिल्टरच्या खरेदीत महाग पडल्याची उदाहरणे कमी नाहीत.

फिल्टर दिनदर्शिकेनुसार भरत नाही, तो धुळीच्या वजनाने भरतो. तासाला २५० घनमीटर हवा ओढणारे यंत्र दिवसातून दहा तास चालले तर त्यातून २,५०० घनमीटर हवा जाते. खोलीतील हवेत पीएम २.५ कणांचे प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असेल, तर रोज पाव ग्रॅम सूक्ष्म धूळ फिल्टरात अडकते. हेच प्रमाण २० मायक्रोग्रॅम असलेल्या शहरात तो आकडा पाचपटीने कमी, म्हणजे ०.०५ ग्रॅम होतो. यंत्राची स्वच्छ हवा देण्याची क्षमता निम्म्यावर येईपर्यंत फिल्टर किती धूर पचवतो, हे चीनच्या राष्ट्रीय मानकात मोजले जाते. त्यातील ‘पी ४’ या सर्वोच्च श्रेणीसाठी किमान १२ ग्रॅमची मर्यादा आहे. रोज पाव ग्रॅमच्या हिशेबाने १२ ग्रॅम ४८ दिवसांत भरतात, तर ०.०५ ग्रॅमच्या हिशेबाने त्याला २४० दिवस लागतात. प्रयोगशाळेतील सिगारेटचा धूर घरातील धुळीपेक्षा चिकट असल्याने प्रत्यक्षातील दिवस वेगळे येतील. तरीही ‘वर्षातून एकदा बदला’ हा सरसकट सल्ला दिल्लीला का लागू पडत नाही आणि पुस्तिकेतील महिने का फसवे ठरतात, ते या आकड्यांवरून उघड होते.

लाल दिव्याचेही तसेच. बहुतेक यंत्रांत तो केवळ चाललेले तास मोजतो, काहींत पंख्याचा वेगही हिशेबात धरतो. फिल्टरात प्रत्यक्ष किती धूळ साचली आहे, हे त्याला दिसत नाही. पावसाळ्यातील शंभर तास आणि नोव्हेंबरमधील शंभर तास त्याच्या लेखी सारखेच. त्यामुळे कधी चांगला फिल्टर कचऱ्यात जातो, तर कधी तुंबलेला फिल्टर हिरवा दिवा दाखवीत राहतो.

याला घरच्या घरी करता येणारी चाचणी आहे. पीएम २.५ मोजणारे लहान लेझर उपकरण पुरेसे असते. त्याचे आकडे सरकारी केंद्राइतके काटेकोर नसतात, पण तुलनेसाठी चालतात. नवा फिल्टर बसविल्याच्या दिवशी दारे-खिडक्या बंद करून यंत्र पूर्ण वेगाने चालवावे आणि खोलीतील आकडा निम्म्यावर येण्यास किती मिनिटे लागली, ते लिहून ठेवावे. बाहेरची हवा साधारण तशीच असताना महिन्याने त्याच खोलीत हीच चाचणी पुन्हा करावी. लागणारा वेळ दुप्पट झाला की फिल्टर बदलण्याची वेळ आली, असे समजण्यास हरकत नाही. केवळ यंत्राच्या तोंडाशी उपकरण धरून आकडा पाहणे पुरेसे नाही. तुंबलेल्या फिल्टरातूनही हवा स्वच्छच बाहेर येते, पण ती फार थोडी येते.

येथेच ‘९९.९७ टक्के’ या जाहिरातीचा अर्थ नीट लावायला हवा. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे इतके कण अडवतो, कारण साधारण याच आकाराचे कण अडवणे सर्वांत कठीण असते. त्याहून मोठे कण तंतूंवर आदळतात, त्याहून लहान कण सैरभैर फिरताना तंतूंना चिकटतात. परंतु खोलीतील हवा यंत्रातून पुन्हा पुन्हा फिरत असते. त्यामुळे ९९ टक्के आणि ९९.९७ टक्के यांतील फरक घरात जाणवत नाही. फरक पडतो तो किती हवा फिरते यामुळे आणि फिल्टरच्या कडेने किती हवा निसटते यामुळे. कडेची फोमची पट्टी सैल असेल आणि दहा टक्के हवा बाजूने जात असेल, तर सर्वोत्तम फिल्टरही ९० टक्क्यांचाच उरतो. अन्य उत्पादकाचा स्वस्त फिल्टर घेताना म्हणूनच मापाचा नेमकेपणा, पट्टीचा घट्टपणा आणि कागदाच्या घड्यांची संख्या मूळ फिल्टरशी ताडून पाहावी. ‘हेपासारखा’ असे मोघम शब्द असलेल्या वेष्टनापेक्षा ‘एच १३’ अशी श्रेणी स्पष्ट लिहिलेला फिल्टर बरा. सक्रिय कार्बनचा थर वास आणि काही वायू शोषतो, धूळ नव्हे. धुळीपुरतीच चिंता असेल तर जाड कार्बनसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

सर्वांत स्वस्त काळजी बाहेरच्या जाळीची. केस, कापसाचे धागे आणि जाड धूळ तीच अडवते. हिवाळ्यात दर पंधरवड्याला ती धुऊन, पूर्ण वाळवून बसवली तर आतल्या फिल्टरवरील भार हलका होतो. आतला हेपा फिल्टर मात्र धुऊ नये. अनेक फिल्टरांच्या तंतूंवर कण ओढून घेणारा स्थिर विद्युतभार असतो आणि पाण्याने तो नाहीसा होऊ शकतो. ओलाव्याने बुरशी धरते, ती वेगळीच. काठीने झटकल्यास घड्या फाटतात आणि महिनाभर साठलेली धूळ घरात परत येते.

बचतीच्या नावाखाली होणारी खरी हानी यंत्र मंद वेगावर ठेवण्यात आहे. फिल्टर जास्त दिवस टिकतो हे खरे, पण जी धूळ त्यात अडकली नाही ती त्याच खोलीतील माणसांच्या श्वासातून जाते. लहान मुले, वृद्ध किंवा दम्याचे रुग्ण असलेल्या घरात हा व्यवहार तोट्याचा. त्यापेक्षा यंत्रापर्यंत पोहोचणारी धूळच कमी करावी. सरकत्या खिडक्यांच्या खाचा, दाराखालची फट, खिडकीतील एसीभोवतीची जागा येथे फोमची पट्टी लावण्यास काहीशे रुपये लागतात. खोलीतील प्रमाण १०० वरून ५० मायक्रोग्रॅमवर आले तर तेवढ्याच वेगाने चालणारा तोच फिल्टर दुप्पट दिवस पुरतो. घरभर यंत्रे ठेवण्याऐवजी झोपण्याची एक खोली नीट बंद करणे अधिक किफायतशीर आहे. मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड कोणताही हेपा फिल्टर अडवीत नाही आणि उत्तर भारतात हिवाळ्यात अशा शेगड्यांमुळे झोपेत मृत्यू होतात. कोंदटपणा घालवण्यासाठी दुपारी थोडा वेळ खिडकी उघडावी. त्या वेळी प्रदूषण रात्री आणि पहाटेपेक्षा सहसा कमी असते.

खरेदीची वेळही साधता येते. नोव्हेंबरमध्ये मागणी एकदम उसळते, म्हणून फिल्टर पावसाळ्यातच घेऊन ठेवावा आणि वेष्टन न फोडता कोरड्या जागी ठेवावा, कारण उघडा कार्बन कपाटातही हवेतील वायू शोषत राहतो. ऑक्टोबरच्या मध्यास तो बसवला की सर्वांत वाईट चार महिने नव्या फिल्टरवर निघतात. उन्हाळ्यातील वावटळींच्या जाड धुळीसाठी तोच अर्धवट वापरलेला फिल्टर आणि वरचेवर धुतलेली जाळी पुरते.

यंत्रच परवडत नसलेल्यांसाठी एक साधा मार्ग आहे. थॉमस टॅलहेल्म या अमेरिकी संशोधकाने २०१३ मध्ये बीजिंगमध्ये साध्या पंख्याला हेपा फिल्टर बांधून तो खोलीची हवा स्वच्छ करतो, हे मोजून दाखवले होते. २०२० मध्ये अमेरिकेत रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथल यांच्या नावाने ओळखली जाणारी, चार फिल्टर आणि एक पंखा यांची पेटी पुढे आली. तिच्यात वापरले गेले ते भट्टीचेच ठरावीक मापाचे फिल्टर. अशा जोडणीत पंख्याचा आवाज जास्त येतो आणि मोटर तापत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे लागते.

जुना फिल्टर काढताना यंत्र बंद करून, तोंडाला मास्क लावून, तो खोलीत न झटकता थेट प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि पिशवीचे तोंड बांधूनच सुक्या कचऱ्यात टाकावा.